अर्धपोटी फुलणारं झाड

कॉसमॉस लावणाऱ्यांची ठरलेली तक्रार असते. झाड छातीएवढं झालं, शेपूच्या पाल्यासारखी बारीक, हिरवीगार पानं आली, पण कळीचा पत्ता नाही. त्यावर शेजारी आणि रोपवाटिकेतला माळी यांचा उपायही ठरलेला असतो, तो म्हणजे खत घाला. खत घातलं की झाड आणखी हातभर वाढतं आणि पहिल्या जोरदार सरीत आडवं होतं. कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो आणि दिवाळीच्या सुमारास खालच्या पानांवर पांढरी भुकटी दिसू लागते. मग फवारणी, मग आणखी खत, कारण झाड आता ‘अशक्त’ दिसू लागलेलं असतं. न फुलणं, कोलमडणं, मावा आणि भुरी अशा चार तक्रारी घेऊन माणूस चार औषधं आणतो. पण बहुतेक बागांत या चारही तक्रारी एकाच मुळातून आलेल्या असतात. हे झाड ज्या परिस्थितीत घडलं, त्यापेक्षा फार बऱ्या परिस्थितीत आपण त्याला ठेवलेलं असतं. कॉसमॉसच्या दुखण्यांची यादी पाहण्याआधी त्याचं माहेर पाहायला हवं, ते यासाठी.

हे माहेर मेक्सिकोत आहे. तिथल्या उंच पठारांवर, मक्याच्या शेतांत आणि रस्त्यांच्या कडेला गुलाबी-पांढरा कॉसमॉस आपणहून उगवतो. तिथे त्याला ‘मिरासोल’ म्हणतात, म्हणजे सूर्याकडे पाहणारा. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचं बी माद्रिदच्या शाही वनस्पती उद्यानात पोचलं आणि अंतोनियो होसे काव्हानियेस या धर्मगुरू असलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९१ साली त्याचं वर्णन छापून त्याला कॉसमॉस हे नाव दिलं. ग्रीक भाषेत या शब्दात सुव्यवस्था, शोभा आणि विश्व असे तिन्ही अर्थ आहेत. डेलियाचं बारसंही याच माणसाने त्याच वर्षी केलं. (दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही मेक्सिकोकडचाच. आपण तो इतका आपलासा केला आहे की हे सांगितलं तर पुष्कळांना खोटं वाटतं.) आपल्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट नकाशावर दिसते. मेक्सिको सिटी साधारण साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मुंबई एकोणीस अंशांवर. म्हणजे दिवस-रात्रीचं माप दोन्हीकडे जवळजवळ सारखं. मेक्सिकोच्या त्या पठारावर पावसाळाही जून ते सप्टेंबर असाच येतो. पावसात झाड वाढतं, पाऊस ओसरला की फुलतं आणि कोरड्या महिन्यांत बी टाकून मरतं. तेरड्याचं किंवा सोनकीचं वेळापत्रक ज्याला माहीत आहे, त्याला यात नवं काही वाटणार नाही.

घोळ होतो तो बियांच्या पाकिटामुळे. त्यावरचा सल्ला बहुधा इंग्लंड-अमेरिकेच्या बागांसाठी लिहिलेला असतो: थंडी संपल्यावर वसंतात पेरा, उन्हाळाभर फुलं घ्या. लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास थांबतो आणि सर्वांत लहान अकरा तासांचा असतो. हा फरक किरकोळ वाटेल, पण कॉसमॉस फुलायचं की नाही हे ठरवतो तेच मुळी यावरून. अमेरिकेच्या शेतीखात्यातले गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी १९२० साली दाखवून दिलं की तंबाखूच्या एका न फुलणाऱ्या वाणाला अंधाऱ्या खोपटात ठेवून त्याचा दिवस छोटा केला की तो फुलतो. पुढच्या प्रयोगांत त्यांनी कॉसमॉसही घेतला. एकाच झाडाच्या एका भागाला छोटा दिवस आणि दुसऱ्या भागाला मोठा दिवस दिल्यावर पहिला भाग फुलला आणि दुसरा नुसता वाढत राहिला. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी आपल्याकडेही माजणाऱ्या शंकेश्वराच्या झाडावर काम करून आणखी एक पायरी ओलांडली. झाड दिवस मोजत नाही, सलग अंधार मोजतं. त्या अंधारात मध्येच थोडा उजेड पडला तरी हिशेब मोडतो.

जगभरचा कॉसमॉस याची साक्ष देतो. जपानमध्ये त्याचं नाव ज्या चिन्हांनी लिहितात त्यांचा अर्थ ‘शरदातली चेरी’ असा होतो. तिथे तो मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरचा बहर मानला जातो. दक्षिण आफ्रिकेच्या पठारावर मैलोगणती रस्त्यांच्या कडा त्याने गुलाबी होतात, त्या मात्र मार्च-एप्रिलमध्ये, कारण तिथला शरद तेव्हा असतो. तिथे तो बोअर युद्धात घोड्यांसाठी आयात केलेल्या चाऱ्याबरोबर आला असं सांगतात. खंड बदलला, माती बदलली, पण रात्री लांबू लागण्याची वेळ त्याने सोडली नाही. तेव्हा जूनमध्ये पेरलेला कॉसमॉस जुलैअखेर फुलला नाही म्हणून खताचं पोतं उघडण्याआधी पंचांग पाहावं. आणि ऑक्टोबर उजाडला तरी कळी नसेल, तर रात्री बाहेर जाऊन वर पाहावं. गच्चीवरचा दिवा, सोसायटीच्या फाटकावरचा फ्लडलाइट किंवा रस्त्याचा खांब झाडावर रात्रभर उजेड टाकत असेल, तर त्या झाडाच्या लेखी अजून आषाढच चालू आहे. पॉलिहाउसमधले शेवंतीवाले हीच युक्ती मुद्दाम वापरतात. मध्यरात्री दिवे लावून कळी रोखून धरतात आणि हवी तेवढी दांडी मिळाली की दिवे बंद करतात.

यावर कोणी म्हणेल की बाजारात मिळणाऱ्या नव्या वाणांना हे बंधन राहिलेलं नाही. ते बरंचसं खरं आहे. १९३० च्या दशकात गाजलेल्या ‘सेन्सेशन’पासून पुढे निवड करणाऱ्यांनी लवकर फुलणारी झाडंच उचलली आणि ‘सोनाटा’सारखे बुटके वाण तर दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा करत नाहीत. पण ओढ पूर्ण सुटलेली नाही. तिचा प्रत्यय उलट्या बाजूने येतो. डिसेंबर-जानेवारीत पेरलेलं रोप वीतभर असतानाच कळी धरतं आणि लोक म्हणतात, खुजं राहिलं, रोग आहे. रोग नसतो. लांब रात्रीत जन्मलेल्या रोपाला वाढायला वेळच मिळालेला नसतो. म्हणजे झाड किती उंच हवं हे खतापेक्षा पेरणीची तारीख जास्त ठरवते. जूनचं झाड पुरुषभर होतं आणि पावसात लोळतं. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये पेरलेलं गुडघ्या-कंबरेएवढं राहून हिवाळ्याच्या तोंडाशी फुलतं. महाराष्ट्रातल्या बागेसाठी हीच पेरणी उत्तम, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पोटाचा प्रश्न. नत्र हे पानाचं आणि खोडाचं अन्न. ते मुबलक असेल तर झाडाला वाढ थांबवून फुलाकडे वळण्याचं कारण उरत नाही. शेतकरी अशा झाडाला ‘माजलं’ म्हणतात आणि हा शब्द कुठल्याही शास्त्रीय संज्ञेपेक्षा नेमका आहे. संत्रा-डाळिंबाच्या बागांत तर उपाशी ठेवण्याची रीतसर पद्धत आहे. मृग बहार किंवा हस्त बहार धरायचा तर आधी काही आठवडे पाणी तोडून बागेला ताण देतात, पानं पिवळी पडून गळू लागतात, मग खत-पाणी दिलं की फुलोरा फुटतो. कॉसमॉसला असा कडक ताण लागत नाही. तो वर्षायू आहे, त्याच्या खोडात डाळिंबासारखा साठा नसतो आणि दोघांच्या फुलण्याची आतली यंत्रणाही एक नाही. पण ज्या शेतकऱ्याला बहार कळतो, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही की भरल्या पोटी झाड फुलाची घाई करत नाही. म्हणून वाफ्यात मुरमाड, हलकी, निचऱ्याची माती असेल तर कॉसमॉसला ती तशीच द्यावी. काळ्या मातीत मात्र त्याचं जमत नाही. ती पाणी धरून ठेवते, फुगते आणि मुळांना हवा मिळत नाही. तिथे गादीवाफा करून मुरूम किंवा जाड वाळू मिसळणं हे कुठल्याही खतापेक्षा मोलाचं.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला कुंडीवाल्यांचा. कुंडीत माती ती केवढी, आणि रोज घातलेलं पाणी तिच्यातलं उरलंसुरलं अन्न तळाच्या भोकातून वाहून नेतं. तिथे ‘उपाशी ठेवा’ म्हणणं म्हणजे मारणंच नाही का? आक्षेप बरोबर आहे. कोकोपीटमध्ये तर स्वतःचं अन्न जवळजवळ नसतंच. अशा कुंडीत खालची पानं फिकट पिवळी पडली, खोड काडीसारखं राहिलं आणि वाढ थांबली, तर ती खरी भूक आहे. मूठभर जुनं शेणखत किंवा पंधरवड्याला पातळ केलेलं द्रवखत द्यावं. पण नेहमी दिसतं ते याच्या उलट. रोपवाटिकेतून आणलेल्या मिश्रणात अर्धं गांडूळखत, वरून महिन्याला दाणेदार खत, शिवाय कुणी सांगितलं म्हणून चमचाभर युरिया. दुसरा आक्षेप फुलं विकणाऱ्यांचा. ते खत घालतात आणि त्यांना फुलं मिळतात, हे खरंच आहे. पण त्यांना लांब, सरळ दांडी हवी असते, ते आधाराच्या जाळ्या बांधतात आणि मात्रा मोजून देतात. घरच्या बागेत जाळीही नसते आणि मोजमापही नसतं, असतो तो नुसता उत्साह.

मावा आणि भुरी यांच्याकडे याच नजरेने पाहिलं की औषधाचं कपाट बरंच रिकामं होतं. मावा झाडाच्या अन्नवाहिनीत सोंड खुपसून रस पितो. त्या रसात साखर भरपूर असते, त्याला कमतरता असते ती नत्राची. नत्र पाजलेल्या झाडाचा रस त्याला जास्त मानवतो आणि कोवळे, रसरशीत शेंडे आपणच तयार ठेवलेले असतात. माद्या नराशिवाय थेट पिल्लं घालतात आणि उबदार हवेत ती पिल्लं आठवड्याभरात स्वतः पिल्लं घालू लागतात. म्हणून रविवारी चार दिसलेले पुढच्या रविवारी शेंडा झाकून टाकतात. त्यांच्या अंगातून चिकट गोड स्राव पडतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि तो चाटायला आलेल्या मुंग्या माव्याची राखणच करू लागतात. झाडावर मुंग्यांची ये-जा दिसली की पानाची खालची बाजू उलटून पाहायची, ती याचसाठी. पहिल्या आठवड्यात पाण्याची जोरदार धार आणि दोन बोटांत शेंडा निरपून काढणं एवढं पुरतं. त्याने भागलं नाही तर पाच टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. आंतरप्रवाही कीटकनाशक कॉसमॉसवर मारणं मला मुळीच पटत नाही. ते झाडाच्या सगळ्या रसात उतरतं, मकरंदातही, आणि हे फूल तर दिवसभर माश्या-फुलपाखरांनी गजबजलेलं असतं. शिवाय माव्याला खाणारे ढालकिडे आणि त्यांच्या खवल्यांच्या अळ्या मरतात ते वेगळंच. मावा लवकर परततो, ढालकिडा उशिरा.

भुरीबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे की ती पानं ओली राहिल्याने येते. केवड्याला, म्हणजे डाऊनीला, ओलं पान लागतं. भुरीला लागत नाही. तिच्या बीजाणूंना रुजायला पानावर पाणी साचावं लागत नाही, हवेतला दमटपणा पुरतो. म्हणून ती धो धो पावसात दबून असते आणि पाऊस सरल्यावर, दमट रात्री आणि कोरडे दिवस सुरू झाले की उसळते. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हा फरक तोंडपाठ असतो, घरच्या बागेत मात्र दोन्हींवर एकच बाटली रिकामी होते. कॉसमॉसवर ती नेमकी कुठे सुरू होते हे वाकून पाहिलं तर उत्तर समोर असतं. दाटीत, सावलीच्या बाजूला, जिथे वारा खेळत नाही अशा खालच्या पानांवर आधी पिठाचे ठिपके उमटतात. वाफ्याच्या कडेचं, उन्हातलं झाड स्वच्छ असतं. दोन रोपांत वीतभर ते फूटभर अंतर ठेवून केलेली निर्दय विरळणी हाच पहिला उपाय. निर्दय म्हणायचं कारण, उगवलेलं रोप उपटायला हात धजत नाही. भुरी आलीच तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, मात्र दुपारच्या कडक उन्हात नाही आणि कडुनिंबाच्या तेलाच्या मागेपुढेही नाही, नाहीतर पानं भाजतात. दुधाच्या फवारणीलाही नुसती आजीबाईची गोष्ट समजू नये. ब्राझीलमध्ये बेटिओल यांनी १९९९ साली झुकिनीवरच्या भुरीवर पातळ केलेल्या दुधाचा चांगला परिणाम नोंदवला होता.

इथवरचा युक्तिवाद फार ताणला तर तो खोटा पडेल, म्हणून त्याची हद्दही सांगायला हवी. सगळंच लाडाने होत नाही. फूल उमलायच्या ऐवजी हिरवं, पानांच्या झुपक्यासारखं येऊ लागलं आणि फांद्या केरसुणीसारख्या फुटल्या, तर तो तुडतुड्यांनी आणलेला फायटोप्लाझ्माचा रोग असू शकतो. त्याला घरगुती इलाज नाही. झाड मुळासकट उपटून काढायचं, शेजारच्या झाडांसाठी. मर रोगाचंही तसंच. दुपारी माना टाकलेलं झाड संध्याकाळी सावरलं तर ते ऊन होतं. पहाटेच मलूल असेल तर दोष मुळांत आहे. माती ओली असेल तर मूळकूज समजायची, आणि ती आपणच घातलेल्या पाण्याची देणगी असते. माती वाफशावर असूनही झाड हिरव्याहिरवं कोमेजलं असेल, तर बुंध्याजवळचं खोड कापून काचेच्या पेल्यात पाण्यात उभं धरावं. कापातून दुधाळ धागा पाण्यात उतरू लागला तर तो जिवाणूजन्य मर. टोमॅटोवाले हीच परीक्षा करतात. त्या जागी पुन्हा कॉसमॉस नको, टोमॅटो-वांगीही नकोत. रोपं कोलमडणं मात्र परत आपल्याच पदरात येतं. काळी, सुईसारखी लांब बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकली की पाच ते दहा दिवसांत उगवते, आणि त्या दहा दिवसांत लोक सकाळ-संध्याकाळ झारी फिरवतात. मातीच्या रेषेवर खोड दोऱ्यासारखं बारीक होऊन रोप पडतं ते त्यामुळे.

फुलं सुरू झाल्यावर करायचं खरं काम एकच असतं, खुडणी. कॉसमॉस बी धरण्यासाठी फुलतो. बी धरली की त्याचं आयुष्याचं काम झालं. सुकलेली फुलं काढत राहिलं तर तो महिना-दीड महिना अधिक फुलत राहतो. यात चूक होते ती कळी आणि बोंड ओळखण्यात, कारण पाकळ्या गळलेलं बोंड लांबून कळीसारखंच दिसतं. कळी गोल आणि घट्ट असते, दाबली तर वाटाण्यासारखी लागते. बोंड टोकदार आणि किंचित लांबट असतं, दाबलं तर आतली बी बोटाला टोचते. एक-दोन दिवसांत हात सरावतो.

ही खुडणी आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे, आणि ते कारण या प्रकरणातल्या सगळ्या युक्तिवादाची उलटी बाजू आहे. जे झाड अर्धपोटी, मुरमाड जमिनीवर, आपल्याच अक्षांशावर आणि आपल्यासारख्याच पावसात वाढायला घडलं आहे, त्याला कुंपणाबाहेरही काहीच अडत नाही. गुलाबी कॉसमॉस उंच, थंड पठाराचा आहे आणि आपल्याकडे तो बहुतांशी बागेतच राहिला. त्याचा पिवळा-नारिंगी भाऊ, सल्फ्युरियस, उष्णता जास्त सोसतो. महामार्गांच्या कडेने आणि पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पावसाळा सरताना जे पिवळे-नारिंगी ताटवे दिसतात आणि ज्यांना पुष्कळ लोक सोनकी समजून फोटो काढतात, ते बऱ्याचदा याचे असतात. त्याच्या बियांच्या टोकाला आकडे असलेले बारीक काटे असतात. ते कपड्यांना, कुत्र्यांच्या केसांना आणि गुरांच्या अंगाला चिकटून पुढच्या उतारावर जातात. त्याने मधमाश्या येतात, मग बिघडलं कुठे, असं विचारलं जातं. माश्या येतात हे खरं. पण ज्या उतारावर तेरडा, कवला, सोनकी आणि गवतं आपापल्या वेळी येऊन जात होती, तिथे एकच उंच, दाट झाड उभं राहिलं तर खालच्यांना ऊन मिळत नाही. एका जातीचा ताटवा हा कितीही देखणा असला तरी माळरानाची भरपाई करू शकत नाही.

पिवळा कॉसमॉस टेकडीजवळच्या घरी लावूच नये, आणि बीजगोळ्यांत घालून डोंगरावर तर कधीच फेकू नये. आधीच लावलेला असेल तर त्याची बोंडं हिरवी असतानाच खुडा. गुलाबीची बी हवी असेल तर दोन-चार बोंडं झाडावर काळी होऊ द्या, सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर पेरणीचा महिना लिहा: भाद्रपद.